लो स्पीड स्कूटर, ई-सायकल, पॉकेट बाईक: रस्त्यावर काय चालतं आणि काय जप्त होतं

‘लायसन्स नको, पासिंग नको, हेल्मेट नको’ अशी पाटी लावलेल्या दुकानात तीन वेगळ्या प्रकारच्या गाड्या एका रांगेत उभ्या असतात. कायद्याने खरोखर सूट मिळालेल्या, सूट मिळाल्यासारख्या दिसणाऱ्या, आणि रस्त्यावर आणायचीच सोय नसलेल्या. बाहेरून तिन्ही सारख्याच छोट्या आणि गोंडस. फरक कागदात असतो. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी तो कागद कोणता आणि त्यावर काय बघायचं, हे आधी समजून घ्या.

पायरी १: गाडी ‘मोटार वाहन’ आहे का, ते ठरवा

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम २(२८) मोटार वाहनाची व्याख्या देतं. चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेली गाडी या व्याख्येच्या बाहेर आहे. कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेली खास गाडीही बाहेर आहे. पेट्रोलच्या गाड्यांना सूट मिळते ती एवढीच.

बॅटरीच्या गाड्यांची सूट केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २(यू) मध्ये आहे. तिथे दोन प्रकार मानले आहेत.

पहिला प्रकार म्हणजे ॲक्सिलरेटरवर चालणारी दुचाकी, आपण जिला लो स्पीड स्कूटर म्हणतो. मोटरची तीस मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी काढून वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही, आणि योग्य ब्रेक व रिफ्लेक्टर.

दुसरा प्रकार पेडल असिस्टची सायकल. पॉवर आणि वजनाची अट तीच, पण मोटरची मदत वेग वाढेल तशी कमी होत गेली पाहिजे आणि २५ ला पूर्ण बंद झाली पाहिजे. पाय थांबले तर त्याआधीच बंद. पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर हवाच.

या अटी वाचून बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. कारण नियमातलं महत्त्वाचं वाक्य अटींच्या आधी आहे: या अटी नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केल्या असतील तरच गाडी मोटार वाहन धरली जाणार नाही. म्हणजे २४० वॅटची, २४ च्या वेगाची, ५० किलोची गाडीसुद्धा चाचणीशिवाय विकली असेल तर तिला ही सूट लागू होत नाही. स्टिकर कोणीही छापू शकतो.

अशा संस्थांपैकी तीन महाराष्ट्रातच आहेत: पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरला व्हीआरडीई. मानेसरच्या आयकॅटचं प्रमाणपत्रही बाजारात भरपूर दिसतं. कोणत्या संस्थेचं आहे याने फरक पडत नाही. ते तुमच्याच मॉडेलचं आहे का, याने पडतो.

पेडल असली की सूट मिळते, हा समजही जुना आहे. १९७२ साली आलेल्या लुनाला पेडल होती, तरी ५० सीसीमुळे नंबरप्लेट आणि लायसन्स लागायचंच. २०२४ मध्ये आलेली ई-लुना ताशी ५० किलोमीटरने पळते, त्यामुळे तिलाही हिरवी नंबरप्लेट लागते. ॲक्सिलरेटर असलेली ‘सायकल’ पेडल असिस्टच्या प्रकारात बसत नाही, कारण पाय न मारताही ती चालते. तिचं प्रमाणपत्र पहिल्या प्रकाराखाली असायला हवं.

पायरी २: दुकानात उभं राहून तपासा

प्रमाणपत्राची प्रत मागा. ‘कंपनीकडे आहे’, ‘नंतर व्हॉट्सॲप करतो’ हे उत्तर असेल तर पैसे देऊ नका. प्रत मिळाली की त्यावरचं मॉडेल आणि व्हेरियंटचं नाव गाडीवरच्या आणि बिलावरच्या नावाशी अक्षरशः जुळवा. प्रमाणपत्र एका व्हेरियंटचं आणि विक्री मोठ्या बॅटरीच्या दुसऱ्या व्हेरियंटची, हा प्रकार सर्रास होतो. नाव जुळलं तरी बॅटरीचा व्होल्टेज आणि मोटरची पॉवर बघायची.

मग कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज जायची ते ठरवणारा भाग, बघा. सीटखाली किंवा पायदानाखाली ॲल्युमिनियमची डबी असते, तिच्यावर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे बॅटरीतून खेचली जाणारी पॉवर. ४८ व्होल्ट आणि ७ अँपिअर म्हणजे ३३६ वॅट. त्यातले पाऊणएक मोटरच्या शाफ्टला मिळतात असं धरलं तर २५० च्या आसपास, म्हणजे हिशेब बसला. ४८ व्होल्ट आणि ३० अँपिअर असेल तर १४४० वॅट होतात, आणि वर स्टिकर २५० चा. इथे सावध व्हा. मात्र एवढ्यावरून गाडी बेकायदा ठरत नाही. नियमातली पॉवर सलग तीस मिनिटं टिकणारी आहे, आणि चढावर काही सेकंद मोटर त्याहून जास्त खेचू शकते. म्हणून कंट्रोलरच्या आकड्याने संशय घ्यायचा आणि खात्री प्रमाणपत्रावरून करायची.

वेगाची चाचणी स्टँडवर चाक फिरवून करू नका. भार नसताना चाक नेहमीच जास्त फिरतं. बॅटरी पूर्ण चार्ज, सपाट रस्ता, अंगावर वारा नाही आणि मोबाइलचा जीपीएस अशी करा. गाडीच्या स्वतःच्या मीटरवर विसंबू नका. अर्धी उतरलेली बॅटरी गाडीला साळसूद बनवते, त्यामुळे ट्रायलला दिलेली गाडी किती चार्ज आहे तेही विचारा.

बिल जीएसटीचंच घ्या. त्यावर मॉडेल, चासी नंबर, मोटर नंबर, मोटरची पॉवर आणि बॅटरीचा व्होल्टेज-अँपिअर लिहून घ्या. दुकानदार ‘लायसन्स लागत नाही’ असं तोंडी सांगतो, तेच वाक्य बिलावर लिहायला सांगितलं की त्याचा चेहरा बरंच काही सांगून जातो. प्रमाणपत्र आणि बिल यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि छापील प्रत डिकीत. चौकात अडवल्यावर तुमच्याकडे नंबरप्लेट नाही, आरसी नाही, म्हणजे दाखवायला एवढंच आहे.

कशाने बिघडतं

कायदेशीर घेतलेली गाडी बेकायदा होण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ‘स्पीड खोलून देणं’. कंट्रोलरमधली वेगमर्यादा काढली की २५ ची गाडी ४० पर्यंत जाते. त्या क्षणी ती प्रमाणपत्रातली गाडी राहत नाही.

दुसरा मार्ग बॅटरीचा. लेड ॲसिडच्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात, म्हणजे ४८ व्होल्ट. रेंज वाढवायची म्हणून मेकॅनिक पाचवी जोडतो आणि ६० व्होल्ट करतो. हब मोटरचा (चाकातच बसवलेल्या मोटरचा) वेग व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २४ ची गाडी सरळ ३० ला जाते. रेंज वाढली या आनंदात वेगही वाढला हे लक्षातच येत नाही. रेंजच हवी असेल तर व्होल्टेज तोच ठेवून जास्त अँपिअर-अवरची बॅटरी घ्या, आणि ती कंपनीच्या यादीतली आहे ना, ते बघा.

ब्रेक आणि फ्रेमही २५ च्या हिशेबाने बनवलेले असतात. वेग दीडपट झाला की थांबायला लागणारं ब्रेकचं अंतर सव्वादोनपट होतं. गाडीचे बारीक ड्रम ब्रेक तेवढ्यासाठी नसतात.

२०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा बदल केलेल्या आणि मान्यता नसलेल्या ई-बाईकविरुद्ध मोहीम काढायला आरटीओंना सांगितलं होतं. तेव्हा विक्रेत्यांवरही कारवाई झाली. कायद्यातल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य गाडी विकणाऱ्या उत्पादक, आयातदार किंवा डीलरला एका वर्षापर्यंत कैद किंवा दर गाडीमागे १ लाख रुपये दंड होऊ शकतो. त्याच कलमात मालकही आहे: परवानगी नसलेला बदल करून घेतला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये.

सायकलला घरी मोटर किट बसवणाऱ्यांसाठी स्पष्टच सांगायला हवं. किट २५० वॅटचं असलं तरी तुमची जुनी सायकल अधिक ते किट, ही जोडी कोणत्याही संस्थेने तपासलेली नसते. त्यामुळे कागदावर सूट मिळत नाही. पोलीस सहसा अडवत नाहीत, हे खरं. पण अपघात झाला की प्रश्न पोलिसांचा राहत नाही, तो न्यायालयात नुकसानभरपाईचा होतो. तरीही बसवणारच असाल तर फक्त पेडल असिस्टचा सेन्सर ठेवा, ॲक्सिलरेटर जोडू नका, २५ ला कट-ऑफ ठेवा, आणि ब्रेक लिव्हर दाबताच मोटर बंद करणारे स्विच दोन्ही बाजूंना लावा. पेट्रोलची सायकल किट सहसा ४९ सीसीच्या आसपास किंवा त्याहून मोठी येतात. ती २५ सीसीच्या मर्यादेबाहेर आहेत, म्हणजे नोंदणीशिवाय रस्त्यावर नाहीत. आणि नोंदणी होत नाही.

पॉकेट बाईक: ४९ सीसीचं खेळणं

गुडघ्याएवढी उंची, दोरी ओढून सुरू होणारं ४९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सुपरबाईकसारखं फेअरिंग. मुलाच्या वाढदिवसाला घेतली जाते. कायद्याच्या दृष्टीने ही पूर्ण मोटरसायकल आहे, कारण इंजिन २५ सीसीहून मोठं आहे. पण नियम १२६ ची प्रकार-मान्यता (चाचणी संस्थेने मॉडेल तपासून दिलेली मंजुरी) नाही, त्यामुळे उत्पादकाचा फॉर्म २२ मिळत नाही आणि आरटीओत पासिंग होत नाही. तुमच्याकडे लायसन्स आणि हेल्मेट असलं तरी ही अडचण सुटत नाही.

‘रस्त्यावर नाही, सोसायटीतच चालवतो’ हा बचावही वाटतो तितका भक्कम नाही. लायसन्स आणि विमा या दोन्ही बाबतीत कायदा ‘सार्वजनिक ठिकाण’ हा शब्द वापरतो, आणि लोकांना जिथे येण्याजाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा त्यात येते. गेटवर नोंद करणारी सोसायटी आणि दोन्ही बाजूंनी उघडा कॉलनीतला रस्ता यांत म्हणूनच फरक पडतो. नोंदणीचं कलम ३९ मात्र त्याही पुढे जाऊन ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ असं म्हणतं. शिवाय बेदरकारपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे, आणि तो पार्किंगमध्येही होतो. पॉकेट बाईकची योग्य जागा म्हणजे बंदिस्त ट्रॅक किंवा कुंपण घातलेली स्वतःची जमीन. तिथेही हेल्मेट, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट हवेत. तिथपर्यंत ती टेम्पोत घालून न्या, चालवत नाही.

उभं राहून चालवायच्या किक स्कूटरचंही गणित तेच. बहुतेक ३५० वॅटच्या किंवा वरच्या असतात आणि प्रमाणपत्र नसतं.

पायरी ३: सूट नसेल तर पासिंगची गाडी घ्या

रोज दहा-बारा किलोमीटर शहरात जायचं असेल तर आमचा कल सरळ हाय स्पीड, पासिंगवाल्या गाडीकडेच आहे. हडपसर किंवा ठाण्याच्या वाहतुकीत २४ च्या वेगाने उजव्या बाजूला अडकणं हे ४५ च्या वेगाने वाहतुकीसोबत जाण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं. लो स्पीड गाडी शाळा, भाजी, क्लास, गल्लीतल्या अंतरासाठी ठीक.

पासिंगची कामं डीलर करतो, तरी कागद माहीत असावेत: नोंदणीचा अर्ज फॉर्म २०, विक्रीचं प्रमाणपत्र फॉर्म २१, रस्त्यायोग्यतेचा फॉर्म २२, विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन. बॅटरीच्या गाड्यांना आरसीची फी ऑगस्ट २०२१ पासून माफ आहे, आणि महाराष्ट्रात इलेक्ट्रिक दुचाकीला मोटार वाहन करातूनही सूट आहे. तरी कोटेशनमध्ये ‘आरटीओ चार्जेस’ म्हणून मोठा आकडा दिसला तर त्याची पावती मागा. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. खासगी इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी, अक्षरं पांढरी. भाड्याने किंवा व्यवसायासाठी असेल तर हिरव्यावर पिवळी. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसल्याशिवाय गाडी घरी आणू नका. पीयूसी बॅटरीच्या गाडीला लागत नाही.

लायसन्स ‘विनागिअर मोटरसायकल’ या वर्गाचं पुरतं. परिवहनच्या ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज करायचा. शिकाऊ लायसन्सला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये, आधारने ओळख पटवली तर परीक्षा घरूनच देता येते. पास व्हायला किमान ६० टक्के उत्तरं बरोबर हवीत. चाळिशीच्या वर असाल तर डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, आणि पक्क्यासाठीची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे ‘एल’ची पाटी: १८ सेंटिमीटरचा पांढरा चौकोन, त्यावर लाल अक्षर. शिकाऊ असताना मागे मित्राला बसवणं चालत नाही. मागे बसणारा फक्त शिकवणारा, आणि त्याच्याकडे पक्कं लायसन्स हवं.

वय १८ पूर्ण. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलचं. ती तरतूद सीसीत लिहिलेली आहे, तिच्या जोरावर ५० च्या वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर अकरावीच्या मुलाच्या हाती देऊ नका.

पायरी ४: सूट असलेल्या गाडीने रस्त्यावर कसं वागायचं

मोटार वाहन नाही म्हणजे वाहनच नाही, असं होत नाही. सिग्नल, एकेरी रस्ता, नो-एंट्री सगळं लागू. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ ‘कोणतंही वाहन’ बेदरकारपणे चालवण्याबद्दल आहे, त्यात सायकलही येते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड.

मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग, वांद्रे–वरळी सी लिंक, अटल सेतू, मुंबईचा कोस्टल रोड या ठिकाणी दुचाकीला बंदीच आहे; आपली गाडी ‘सायकल’ ठरते म्हणून वाट मोकळी होत नाही.

हेल्मेटची सक्ती कायद्याने मोटरसायकलला आहे, लो स्पीडला नाही. तरी घाला. २४ च्या वेगाने डोकं दुभाजकावर आपटलं तर त्याला कलम माहीत नसतं. मोटरसायकलचं हेल्मेट घेताना आयएस ४१५१ चा आयएसआय शिक्का बघा. लो स्पीड गाडीला कायद्याने किमान वय नाही, पण आमच्या मते सोळाच्या आतल्या मुलाला मुख्य रस्त्यावर पाठवू नये.

लो स्पीड गाडीला सक्तीचा विमा नाही, आणि ही गोष्ट फायदा म्हणून सांगितली जाते. तुमच्या गाडीने एखाद्या आजोबांना धडक बसली तर उपचाराचा खर्च तुमच्या खिशातून जातो. घराच्या विमा पॉलिसीत वैयक्तिक उत्तरदायित्वाचं कलम जोडून मिळतं का ते विमा एजंटला विचारा, आणि स्वतःसाठी वैयक्तिक अपघात विमा घ्या.

सापडलात तर किती

गाडी मोटार वाहन ठरली आणि कागद नसतील तर मोटार वाहन कायद्याची कलमं एकावर एक चढतात. नोंदणी नाही, कलम १९२: पहिल्यांदा ५,००० पर्यंत. लायसन्स नाही, कलम १८१: ५,०००. विमा नाही, कलम १९६: २,०००. हेल्मेट नाही, कलम १९४-ड: १,०००. तिघे बसले असतील तर आणखी १,०००. जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे पावतीवर आकडा वेगळा दिसू शकतो. कलम २०७ खाली गाडी जप्त होते, आणि जी गाडी पासिंगच होऊ शकत नाही ती सोडवायला दाखवणार काय?

चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ लागतं: पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, आणि त्या मुलाला २५ वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. ‘मुलाने न विचारता नेली’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकांची.

आधीच फसला असाल तर

गाडी वापरणं थांबवा. डीलरला लेखी पत्र द्या, ईमेल चालेल: प्रमाणपत्र द्या नाहीतर गाडी परत घेऊन पैसे द्या. पंधरा दिवसांची मुदत द्या. सोबत बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि कंट्रोलर-मोटरच्या प्लेटचे फोटो. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार, आणि त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण व्यवहारापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दुसऱ्याला विकून मोकळं व्हायचा विचार करू नका. तोच प्रश्न तुमच्या सहीसकट पुढे जातो.

परदेशातून आणणार असाल तर

ब्रिटनमध्ये ई-सायकलची मर्यादा २५० वॅट आणि ताशी १५.५ मैल, युरोपात २५० वॅट आणि २५ किलोमीटर, म्हणजे आपल्या जवळपासच. अमेरिकेत मात्र केंद्रीय व्याख्या ७५० वॅट आणि २० मैलांची आहे. त्या हिशेबाने बनवलेली सायकल नाशिकला आली की ती प्रकार-मान्यता नसलेली मोटरसायकल होते. लंडनला राहणाऱ्यांनी उलट लक्षात ठेवावं: तिथे स्वतःची ई-स्कूटर सार्वजनिक रस्त्यावर चालतच नाही, फक्त सरकारी चाचणीतल्या भाड्याच्या चालतात.

विमानाचीही अडचण आहे. १६० वॅट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाच्या सामानात नेता येत नाही, आणि ई-सायकलची ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची साधी बॅटरी ३६० वॅट-अवरची असते. बॅटरी तिकडेच विकून नुसती सायकल आणलीत तरी इथे बसवलेल्या नव्या बॅटरीसह तिला चाचणी संस्थेची मान्यता नसतेच. मोटर काढून साधी सायकल म्हणून वापरायची असेल तर खुशाल आणा.